‘ज्वालामुखी’त ज्वाला किती, मुख किती?

एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. आइसलँडमध्ये 2010 साली झालेल्या उद्रेकाच्या ‘राखेमुळे’ युरोपातली विमानं जमिनीवर बसून राहिली, असं लिहिलं आणि अडखळले. राख म्हणजे जळून उरलेलं. इथे जळलं काय?

—

काहीच नाही. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येतो तसा दाब उतरतो, त्यात विरघळलेले वायू फसफसून सुटतात आणि रसाच्या ठिकऱ्या उडतात. त्या हवेतच थिजल्या की काचेची आणि खडकाची भुकटी. चुलीतल्या राखेनं भांडी लखलखीत होतात, हिनं चरे पडतील. विमानाच्या इंजिनात ती वितळते आणि पात्यांवर थिजून बसते, म्हणून तर उड्डाणं थांबवली. पण शब्द ‘राख’च ठेवा, रुळलाय तो. ‘धूर’ मात्र टाळा. त्यात बरीचशी वाफ असते.

—

मूळ शब्दाचंच बघा ना. हिमाचलात कांगड्याला ज्वालामुखी देवीचं ठाणं आहे. तिथे खडकातून नैसर्गिक वायू झिरपतो आणि खरोखर जळतो. ज्वाला आहे, मुख आहे, फक्त ज्वालामुखी नाही! उलट आपलं दख्खनचं पठार: साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला ‘भेगीय ज्वालामुखी’ म्हणतात. म्हणजे मुखही गेलं. या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅपसुद्धा सापळा नव्हे, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. घाटात समोरच्या डोंगराच्या पायऱ्या दिसल्या की पटतं.

—

शिलारस आणि लाव्हा एकच ना? आमच्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात शिलारस मिळतो, तो सुगंधी डिंक असतो.

—

हो, तो वेगळा, झाडाचा. भूगोलातला शिलारस जमिनीखाली असेपर्यंत शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. आणि ताई, ‘स्फोट’ सरसकट वापरू नका. सिलिका (वाळूत असतो तो घटक) कमी असलेला रस पातळ, त्यातून वायू सहज निसटतात आणि तो नुसता वाहतो, हवाई बेटांवर बहुधा तसंच होतं. सिलिका जास्त असली की रस घट्ट, वायू कोंडतात आणि मग इंडोनेशियातल्या क्राकाटोआचा 1883 चा स्फोट. ‘उद्रेक’ दोन्हींना चालतो.

—

‘जागृत’ शब्द मला फार आवडतो. देवस्थान जागृत, ज्वालामुखीही जागृत! अंदमानातलं बॅरन बेट एकोणिसाव्या शतकात गप्प झालं ते थेट 1991 मध्ये उठलं. तेव्हा ‘मृत’ लिहिताना जपून, ‘निद्रिस्त’ बरा.

—

आभार सगळ्यांचे. राख ठेवली, धुराची वाफ केली. ‘आग ओकणारा पर्वत’ही लिहिला होता, तोही खोडला. थोडं वाईट वाटलं, वाक्य छान जमलं होतं.