महिन्याला दहा-पंधरा पानं: इंकजेट घ्यावा की लेझर?

प्रश्न: घरी आधारची प्रत, तिकिटं, मुलांच्या वर्कशीट एवढंच छापायचं असतं. कधी महिनाभर प्रिंटर बंदच. शाळेच्या प्रोजेक्टला मात्र रंगीत चित्रं लागतात. काय घ्यावं?

प्रतिसाद १: मोनो लेझर (फक्त काळं छापणारा), डोळे झाकून. टोनर ही कोरडी पावडर, सहा महिने पडून राहिली तरी वाळत नाही. इंकजेटच्या हेडची, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची, छिद्रं केसाहूनही बारीक असतात. शाई तिथेच सुकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग करायचं, ज्यात बरीच शाई वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये) जाते. रंगीत चारच पानं असतील तर झेरॉक्सच्या दुकानातून काढा.

प्रतिसाद २: सहमत, पण लेझर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर (टोनर उष्णतेने कागदावर पक्कं करणारा भाग) तापताना एकदम जास्त करंट ओढतो, यूपीएस ट्रिप होतो. थेट भिंतीच्या सॉकेटला जोडा. इंकजेटचा ग्लॉसी फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका, त्याचा थर वितळून फ्यूजरला चिकटतो आणि दुरुस्ती महागात पडते. पावसाळ्यात कागद सर्दावतो, जॅम होतो. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

प्रतिसाद ३: रंग घरीच हवा असेल तर इंक टँक (बाटलीतून शाई भरायचा इंकजेट) घ्या, पण आठवड्याला चारही रंग असलेलं एक पान काढायचंच. रेघा दिसल्या तर आधी नोझल चेक (हेडची छिद्रं तपासायचं चाचणी पान), मग एकदाच क्लीनिंग. तरी सुधारलं नाही तर काही तास थांबून पुन्हा नोझल चेक. लागोपाठ पाच-सहा वेळा क्लीनिंग करत बसू नका. आणि प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. थेट बोर्डावरून केला तर हेड झाकणाखाली जात नाही, उघडं राहून सुकतं.