शब्दचर्चा: ‘कार्पेटबॅगर’ला मराठीत काय म्हणाल?

पिट्सबर्गहून (धागा सुरू करणारी)

आमच्या मंडळाच्या अंकातले जुने लेख एकत्र करून छापायचं ठरलंय. त्यात माझा २०२२च्या अमेरिकी सिनेट निवडणुकीवरचा लेख आहे, आणि त्यातल्या एका वाक्यापाशी मी आठवडाभर अडून बसले आहे. वाक्य असं: ‘डॉ. ऑझ पेनसिल्व्हेनियात उपरे आहेत.’

मी ऑझ यांच्या विरोधात उभ्या असलेल्या फेटरमन यांच्या बाजूने लिहिलं होतं. ते लपवायचं काही कारण नाही. तेव्हा इथे आमच्या बाजूचा प्रत्येक माणूस ऑझ यांच्याबद्दल बोलताना एकच शब्द वापरत होता, कार्पेटबॅगर, म्हणजे केवळ पदासाठी बाहेरून येऊन उभा राहिलेला. मी त्याचं ‘उपरा’ करून टाकलं आणि पुढे गेले. अंक निघाल्यावर मंडळातल्या एका काकांचा फोन आला. सत्तरच्या दशकात इथे आलेले, मुलं-नातवंडं सगळी इथलीच. म्हणाले, “अगं, लेख चांगला आहे. पण मग मी कोण, तेवढं सांग.” रागावले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही धड नाही.

ज्यांना ती निवडणूक आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमी पुन्हा उभे राहणार नव्हते, त्यामुळे जागा मोकळी. रिपब्लिकन उमेदवार मेहमेत ऑझ हे टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर. त्यांचं वैद्यकीय शिक्षण फिलाडेल्फियात झालेलं, पण पुढे कित्येक वर्षं घर न्यू जर्सीत, क्लिफसाइड पार्कला, हडसनच्या पलीकडे मॅनहॅटन दिसतं तिथे. नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली. पेनसिल्व्हेनियातला पत्ता होता ब्रिन अॅथिनचा, सासुरवाडीचा. पक्षांतर्गत निवडणूक फेरमोजणीनंतर फक्त ९५१ मतांनी जिंकले. समोर डेमोक्रॅट जॉन फेटरमन, ब्रॅडॉक या पडत्या पोलाद-गावाचे १३ वर्षं महापौर. हातावर गावाचा पिन कोड गोंदवून घेतलेला, १५१०४. मे महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, काही महिने सभा बंद. मग प्रचार चालला तो मुख्यतः समाजमाध्यमांवर, आणि त्यातला मोठा भाग ‘ऑझ न्यू जर्सीचे’ या एकाच मुद्द्यावर. जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावरून फलक ओढणारं विमान काय उडवलं, तिथल्या एका टीव्ही-तारकेकडून ‘लवकर घरी परत या’ असा निरोप काय मिळवला! फेटरमन सुमारे पाच टक्क्यांनी जिंकले.

तर प्रश्न शब्दाचा आहे. उपरा नको, हे मला कळलंय. मग काय?

कोल्हापूरहून

ताई, आमच्याकडे यासाठी तयार शब्द आहे: पार्सल. ‘बाहेरचं पार्सल परत पाठवा’ ही घोषणा ऐकली नाही असा मतदारसंघ महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. २०१९ला आमचे चंद्रकांत पाटील कोथरूडला उभे राहिले तेव्हा पुण्यात ‘बाहेरचा उमेदवार’ एवढंच चाललं होतं. पाटील निवडून आले ही गोष्ट वेगळी. पार्सल म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि विमानाला फलक बांधून फिरवायचा असेल तर याच्याहून नेमका शब्द नाही.

बक्स काउंटीहून

मी ऑझ यांना मत दिलं होतं, तेव्हा माझंही ऐका. २०००मध्ये हिलरी क्लिंटन न्यू यॉर्कमधून सिनेटला उभ्या राहिल्या. त्याआधी न्यू यॉर्कमध्ये त्या कधी राहिल्या होत्या? निवडणुकीच्या तोंडावर चपाक्वाला घर घेतलं. तेव्हा आमचे लोक त्यांना हाच शब्द लावत होते आणि तुमचे लोक म्हणत होते की माणसाचं काम बघा, पत्ता बघू नका. १९६४ला रॉबर्ट केनेडींनी मॅसॅच्युसेट्सहून न्यू यॉर्कला येऊन तेच केलं. दोघंही निवडून आले आणि दोघांनाही आज कुणी कार्पेटबॅगर म्हणत नाही. म्हणजे हा शब्द वर्णन करत नाही, फक्त बाजू सांगतो. मराठी प्रतिशब्द शोधताना तोही असाच शोधा, की जो दुसऱ्यालाच लावता येतो.

आणि एक. ऑझ यांचे आईवडील तुर्कस्तानातून आलेले, त्यांच्याकडे तुर्की नागरिकत्वही होतं. निवडून आल्यास ते सोडीन असं त्यांनी सांगितलं होतं. या मुद्द्यावरून त्यांना सर्वांत जास्त झोडपलं ते आमच्याच पक्षातल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी. तुम्ही ‘उपरा’ लिहिलंत तेव्हा मी तो न्यू जर्सीचा उपरा वाचला नाही. मी तुर्कस्तानचा वाचला. त्या काकांनीही तसंच वाचलं असेल.

पिट्सबर्गहून

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला म्हणायचं होतं ‘शेजारच्या राज्यातले’, आणि शब्द म्हणत होता ‘परदेशातून आलेल्यांचे’. तुमच्या मताशी मी सहमत नाही, पण हे सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

साताऱ्याहून

‘उपरा’वर थोडं लिहितो, कारण हा शब्द आपण समजतो त्यापेक्षा जड आहे.

पेशवेकाळच्या कागदांत गावच्या शेतकऱ्यांच्या दोन जाती दिसतात. (जात इथे प्रकार या अर्थाने.) एक मिरासदार किंवा थळकरी: जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, गावच्या मानपानात वाटा. दुसरे उपरी: गावात येऊन कौलाने जमीन कसणारे. ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबले तरी मिरास त्यांची नव्हे. म्हणजे उपरेपणा किती वर्षं राहिलात यावर नाही, हक्क कुणाचा यावर ठरतो. पुढे भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी या शब्दाला आणखी एक धार दिली: ज्याला कुठलंच गाव आपलं म्हणत नाही तो.

आता बघा, कार्पेटबॅगर याच्या अगदी उलट आहे. उपऱ्याला गाव हवं असतं आणि गाव त्याला घेत नाही. कार्पेटबॅगरला गाव नकोच असतं, त्याला गावातली जागा हवी असते. एक शब्द दुःखाचा आहे, दुसरा आरोपाचा. लखपती सर्जनला ‘उपरा’ म्हणणं म्हणजे ज्यांच्या वाट्याला खरं उपरेपण आलं त्यांचा शब्द काढून घेणं आहे. तुमच्या काकांना जे बोचलं ते हेच असावं.

गिरगावहून

सिनेट म्हटल्यावर मला आधी मुंबई विद्यापीठाची निवडणूक आठवली, तेव्हा लेखात एकदा खुलासा करा. ‘राज्यसभेसारखी’ म्हणून चालणार नाही. १९१३च्या १७व्या घटनादुरुस्तीपूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत, तेव्हा ते चाललं असतं. आता लोक थेट मत देतात.

पुण्याहून

मूळ शब्दाकडे वळू या. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपलं आणि उत्तरेतून बरीच माणसं दक्षिणेत गेली. माजी सैनिक, शिक्षक, धर्मप्रसारक, व्यापारी, काही निव्वळ संधी साधायला आलेले. त्या काळी गालिच्याच्या कापडाच्या स्वस्त पिशव्या मिळत. सगळा संसार त्या पिशवीत मावेल असा माणूस, म्हणून कार्पेटबॅगर. हा शब्द दिला तो दक्षिणेतल्या गोऱ्या विरोधकांनी, आणि तो लुटारूंपुरता ठेवला नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शाळेत बसवणारी बाई आणि त्यांच्या मताच्या हक्काच्या बाजूने उभा राहिलेला अधिकारी, दोघंही त्यांच्या लेखी कार्पेटबॅगरच. (जे स्थानिक गोरे त्यांना सामील झाले त्यांना ‘स्कॅलवॅग’ म्हणत. त्याला मात्र ‘फितूर’ हा मराठी शब्द चपखल आहे.)

१८७०चं मिसिसिपीचं उदाहरण घ्या. त्या राज्याचे दोन सिनेटर वॉशिंग्टनला पोचले आणि दोघांच्याही प्रवेशाला हरकत घेतली गेली. एक अॅडेलबर्ट एम्स, मूळचे मेन राज्यातले, मिसिसिपीत लष्करी प्रशासक म्हणून आलेले. त्यांच्यावर आक्षेप असा की ते हुकमावरून आले, ते तिथले रहिवासी कसे? दुसरे हायरम रेव्हेल्स, सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यावर आक्षेप असा की ते नऊ वर्षं नागरिकच नव्हते, कारण १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिक मानलंच नव्हतं. दोघांनाही शेवटी जागा मिळाली. पण ‘तू इथला कसा’ हा प्रश्न त्या वर्षी कुणाकुणाला विचारला गेला ते बघा.

अमेरिकेच्या घटनेतली सिनेटरसाठीची अट साधी आहे. वय ३०, नागरिकत्व ९ वर्षं, आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. यातही शब्दाचा वाद झालाच. १७८७च्या घटना ठरवणाऱ्या अधिवेशनात प्रतिनिधीगृहाच्या कलमावर बोलताना रॉजर शर्मन यांनी ‘रेसिडेंट’ काढून ‘इन्हॅबिटंट’ घालायला सुचवलं, गैरसमज कमी होतील म्हणून. मॅडिसन यांनी अनुमोदन दिलं, आणि दोन्ही शब्द मोघमच आहेत हेही मान्य केलं. आपल्याकडचा ‘अधिवास दाखला’ काढायला तहसीलला गेलेल्या कुणालाही हा मोघमपणा ओळखीचा वाटेल. आपण तर राज्यसभेसाठी ती अटच २००३मध्ये काढून टाकली. तेव्हापासून उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा लागत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये हे वैध ठरवलं. माझ्या मते ते चुकीचं झालं. राज्याच्या नावाने बसायचं तर राज्यात निदान मत तरी असावं.

कोल्हापूरहून

हे सगळं खरं. पण ‘पार्सल’ अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

साताऱ्याहून

मी खोडतो. पार्सल स्वतः येत नाही, कुणीतरी पाठवतं. त्या घोषणेतला खरा राग उमेदवारावर कमी आणि ‘वरून’ तिकीट देणाऱ्यांवर जास्त असतो. स्थानिक कार्यकर्ता राबला आणि श्रेष्ठींनी दुसराच आणून बसवला, ही आपल्याकडची तक्रार. ‘आयात उमेदवार’चंही तेच, आयात करणारा पक्ष असतो. पेनसिल्व्हेनियात तसं कुठे होतं? तिथे तिकीट मतदार देतात. ऑझ नोव्हेंबरमध्ये स्वतःहून उतरले, ट्रम्प यांचा पाठिंबा आला तो एप्रिलमध्ये. त्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि स्वतःच उचलली.

कोल्हापूरहून

पटलं. माझा शब्द मागे घेतो.

फिलाडेल्फियाहून

एक गोष्ट राहून जाते आहे. इथे लोकांना पत्ता टोचला नव्हता, भाषा टोचली होती. ऑझ किराणा दुकानात उभे राहून महागाईवर बोलतात तो व्हिडिओ आठवा. हातात ब्रोकोली, शतावरी, गाजरं, आणि म्हणतात की बायकोला ‘क्रुडिते’साठी (म्हणजे कच्च्या भाज्यांच्या ताटासाठी) खरेदी करतोय. दुकानाचं नावही चुकवलं, दोन वेगळ्या दुकानांची नावं एकत्र करून. फेटरमन यांनी उत्तर दिलं की आमच्याकडे याला ‘व्हेजी ट्रे’ म्हणतात. बस, तेवढंच पुरलं. पश्चिमेला पिट्सबर्गकडे ‘तुम्ही लोक’साठी ‘यिन्झ’ म्हणतात, आमच्या फिलाडेल्फियात कुठल्याही वस्तूला ‘जॉन’. हे शब्द कुणी शिकवत नाही, राहून येतात. म्हणून मला वाटतं शब्द असा हवा, ज्यात ‘राहिलेला नाही’ हे येईल. ‘आलेला आहे’ हे आलं नाही तरी चालेल.

गिरगावहून

मग बिऱ्हाड घ्या! आमच्या चाळीत मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू आणि बिऱ्हाडकरू यांतला फरक लहान मुलांनाही कळायचा. बिऱ्हाड म्हणजे हलवायचं म्हणूनच मांडलेला संसार. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत तर ती गालिच्याची पिशवीसुद्धा आली. आणि ऑझ सासऱ्यांच्या घरात खरोखरच भाड्याने राहत होते ना? ‘निवडणुकीपुरता बिऱ्हाडकरू’ म्हणा.

आमच्या घरात एक जण ‘घरजावई’ सुचवत होता, त्याला मी नको म्हटलं. सासुरवाडीला राहणं हा काही गुन्हा नाही.

बक्स काउंटीहून

‘निवडणुकीपुरता’ हा शब्द माझ्याकडूनही मान्य, कारण तो तपासता येतो. निवडणूक झाली की माणूस राहतो की जातो, हे दिसतं. हिलरी क्लिंटन राहिल्या, म्हणून त्यांना तो लागू नाही, हे मीही कबूल करतो.

एक मात्र नोंदवून ठेवा. २०२४ला इथल्याच सिनेटच्या जागेसाठी उभे राहिलेले रिपब्लिकन डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्यावर तुमच्या बाजूने हाच शिक्का मारला, कनेटिकटचे म्हणून. ते पेनसिल्व्हेनियातच, ब्लूम्सबर्गला वाढलेले. बॉब केसींसारख्या तीन वेळा निवडून आलेल्या सिनेटरला त्यांनी साधारण १५ हजार मतांनी हरवलं. मतदारांना फरक कळला होता.

पिट्सबर्गहून

मॅकॉर्मिक यांच्याबद्दल मीही तेव्हा तो शब्द वापरला होता, लेखात नव्हे, घरोघरी प्रचाराला जाताना. एका दारात एक बाई म्हणाल्या, “तो इथलाच आहे हो, बाहेर जाऊन आला.” बाहेर जाऊन आलेला आणि बाहेरून आलेला. मराठीत नुसत्या क्रियापदाने केवढा फरक पडतो! माझ्या घरी सांगलीला गेल्यावर माझ्याबद्दल ‘ती बाहेर असते’ म्हणतात, ‘बाहेरची’ म्हणत नाहीत.

लेखातलं वाक्य आता असं केलंय: ‘डॉ. ऑझ यांनी पेनसिल्व्हेनियात मांडलंय ते निवडणुकीपुरतं बिऱ्हाड आहे. या राज्यात ते कित्येक वर्षं राहिलेले नाहीत, म्हणून या राज्याच्या वतीने त्यांनी बोलू नये.’ मूळ शब्द कार्पेटबॅगर तळटीपेत देईन, १८७०च्या मिसिसिपीसकट. त्या काकांना मजकूर आधी दाखवणार आहे. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय.

साताऱ्याहून

‘मांडलंय’च्या जागी ‘थाटलंय’ करून बघा. बिऱ्हाड थाटतात.

पिट्सबर्गहून

केलं.