कोठडीतला गटे

सोव्हिएत काळातल्या युक्रेनियन वासिल स्तुसबद्दल म्हटलं जातं की तो मुळात कवी, भाषांतरं म्हणजे त्याचा जोडधंदा. पहिलं मान्य, दुसरं अजिबात पटत नाही. १२ जानेवारी १९७२ ला कीवमध्ये अटक झाल्यावर पुढचे जवळजवळ नऊ महिने तो केजीबीच्या, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या, कोठडीत होता. तिथे त्याने जी वही भरली, तिला नाव दिलं चक्क जर्मन : 'डिश्टेन्सत्साइट', म्हणजे कविता करण्याचे दिवस. आत त्याच्या स्वतःच्या कविता आणि जर्मन कवी गटेची युक्रेनियन भाषांतरं शेजारीशेजारी. चौकशीला नेऊन आणायचे आणि हा परत येऊन गटेच्या ओळी जुळवत बसायचा! याला जोडधंदा कसं म्हणणार?

पुढे रशियातल्या मोर्दोविया भागातल्या कैद्यांच्या छावणीत कविता जप्त होऊ लागल्या, तेव्हा बायकोला लिहिलेल्या पत्रांत तो कविता ओळी न तोडता, गद्यासारख्या सलग लिहायचा. तपासणाऱ्याला वाटावं, घरगुती मजकूर आहे. जर्मन भाषेतला कवी रिल्के याची भाषांतरंही बरीचशी पत्रांतूनच घरी पोचली, म्हणून ती टिकली. शेवटच्या, पेर्म-३६ छावणीतल्या वहीचं मात्र तसं झालं नाही. 'आत्म्याचा पक्षी' असं काहीसं नाव होतं तिचं. ४ सप्टेंबर १९८५ ला तो तिथल्या एकांतकोठडीत वारला, आणि ती वही काही घरच्यांच्या हाती लागली नाही. त्यात कविता होत्या, भाषांतरंही होती.