मदत हवी आहे: फूड ट्रेलर आतून भट्टी झालाय, पफ शीट (उष्णता अडवणारा फोम) लावू का टर्बो व्हेंटिलेटर?

नमस्कार मंडळी, संभाजीनगरात सिडकोकडं संध्याकाळी आमचा ट्रेलर लागतो, 8 बाय 6 फूट, साधा पत्रा, आत मी अन् मावशी, थालीपीठ-ठेचा. एप्रिल लागल्यापासून 4 वाजता आत शिरलं की पत्र्याला हात लावता येईना, परवा मावशींना चक्कर आली, मळलेलं पीठ सातच्या आत आंबूस वास मारतंय.

छताला चुना मारून झाला, ओली पोती टाकली (तासभर टिकतात, मग जैसे थे), 12 इंची एक्झॉस्ट लावला तर बर्नरची ज्योत फडफडते. 19 किलोचा सिलिंडर बाहेर पिंजऱ्यात आहे. खालच्या जाळ्या बुजवा म्हणू नका, एलपीजी हवेपेक्षा जड, गळाली तर खालीच साचते. कूलरही नको, 150 एएचची एकच बॅटरी, त्यावर लाईट अन् फॅन. भावाची पिकअप ओढते त्यामुळं वजन फार वाढवता येत नाही, बजेट 15 हजार.

एक फॅब्रिकेटर म्हणला आतून पफ शीट मारा, दुसरा म्हणला छतावर बिनविजेचा, वाऱ्यावर फिरून गरम हवा बाहेर काढणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवा. ज्यांनी स्वतः ट्रेलर चालवलाय त्यांनीच सांगा, आधी काय करू? अन् पफ केलं तर किती एमएमचं, तव्याच्या वर ते पेट घेईल का, तिथं रॉकवूल (न पेटणारी दगडी लोकर) लावावं लागेल का?