मदत हवी आहे : स्मरणशक्ती आणि अभ्यास या विषयावरचं इंग्रजी बोलताना सुचत नाही

भाचीची आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) पुढच्या महिन्यात आहे. व्याकरण ठीक आहे, वाचनही चांगलं. पण पाठांतर, विसरणं, अभ्यासाची पद्धत असा विषय निघाला की गाडी 'रिमेंबर' आणि 'फर्गेट'वरच अडते. 'इट स्लिप्ड माय माइंड', 'रिंग्ज अ बेल', 'ब्रश अप ऑन' हे सगळं वाचताना तिला कळतं, तोंडात मात्र येत नाही. 'आय बायहार्टेड इट' ही सवय तर फारच पक्की. 'लर्न्ट इट बाय हार्ट' म्हण असं सांगितलं की तेवढ्यापुरतं सुधारतं. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात तयारीला १ मिनिट आणि बोलायला जास्तीत जास्त २ मिनिटं, त्यात शब्द शोधायला वेळ कुठला?

आधी अँकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर पुढे इंग्रजी, मागे मराठी अशी कार्डं केली. ओळख पटायची, पण आपणहून काही सुचायचं नाही. मग कार्डं उलटी केली. थोडा फरक पडला, पण आता उत्तर घोकल्यासारखं वाटतं, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

क्लास लावायचा नाहीये. रोज संध्याकाळी पाऊण तास मिळतो, सराव मीच घेते. शब्दांच्या लांबलचक याद्या कृपया नकोत, त्या आहेत.

कार्डावर पुढे मराठी वाक्याऐवजी थेट परीक्षेसारखा प्रश्न ठेवून कोणी सराव केलाय का? आणि या विषयावरचे कोणते आठ-दहा वाक्प्रचार बोलण्यात खरोखर सहज वाटतात?