मदत हवी आहे: पाय सकाळी सरळ, संध्याकाळी आत वळतो. ही सेरेब्रल पाल्सीच (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेनं येणारा हालचालीचा दोष) का? (नागपूर)

सीताबर्डीकर
पुतणी, वय 8, वजन 22 किलो. उजवा पाय घोट्यातून आत वळतो, चवड्यावर चालते. बसणं, बोलणं, अभ्यास सगळं वेळेवर, एमआरआय नॉर्मल. सकाळी शाळेत धड चालत जाते, दुपारी चारनंतर पाय आकसतो, झोपून उठली की पुन्हा सरळ. निदान सेरेब्रल पाल्सी. ट्रायहेक्सिफेनिडिल (स्नायूंचा आकस कमी करायची गोळी) चालू आहे, टाचेची नस लांबवायचं ऑपरेशन सुचवलंय. त्याआधी काय तपासून घ्यावं?

न्यूरो_विदर्भ
भाऊ, ऑपरेशन तूर्त थांबवा. नस लांबवली आणि मूळ आजार औषधानं सुटणारा निघाला, तर पायातली ताकद उगाच जाते. तुम्ही लिहिलेला सकाळ-संध्याकाळचा फरक हीच मुख्य खूण आहे. डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया (लेव्होडोपा औषधानं सुधारणारा, स्नायू आपोआप आकसण्याचा आजार), म्हणजे सेगावा आजार, आधी तपासायलाच हवा. यात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, कमी बनतं. मुलींत जास्त दिसतो, एमआरआय साफ येतो, आणि गुडघ्यावर ठोकलं की पाय जोरात उडतो म्हणून सेरेब्रल पाल्सी समजली जाते.

मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडून लेव्होडोपा-कार्बिडोपा (डोपामिनची कमतरता भरून काढणारी गोळी) देऊन फरक पडतो का ते बघून घ्या. सुरुवात साधारण दर किलोला 1 मिग्रॅ लेव्होडोपा, दिवसभरात विभागून. या वजनाला 100+25 (मिग्रॅ लेव्होडोपा + कार्बिडोपा) ची दिवसाला मिळून पाव गोळी होते. मग हळूहळू वाढ, तीही डॉक्टरांनीच ठरवायची. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, दुधासोबत नको. प्रथिनांमुळे औषध नीट शोषलं जात नाही. सेगावा असेल तर बहुधा थोड्या डोसातच चाल सुधारते. हातपाय वेडेवाकडे हलायला लागले तर त्याचा अर्थ डोस जास्त झालाय; औषधच चुकलंय असं समजून ते एकदम बंद करू नका.

सोबत रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांचं तपासणी यंत्र) डोळे बघून घ्या. विल्सन आजारातही (शरीरात तांबं साठतं) असाच पाय वळू शकतो आणि त्यावर उपचार आहे.

सीताबर्डीकर
गोळीनं उलटी झाली तर?

न्यूरो_विदर्भ
सुरुवातीला मळमळ होते. पण घराजवळच्या दवाखान्यात उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन मुळीच घेऊ नका! ते मेंदूतलंच डोपामिन अडवतं, पाय आणखी वळेल. चिठ्ठीवर ठळक लिहून ठेवा. डोम्पेरिडोन (उलटीवरचंच दुसरं औषध) चालेल का, ते तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

फिजिओताई
दादा, दोन व्हिडिओ काढा: सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी सहाला. तोच पॅसेज, अनवाणी, दहा पावलं जाऊन परत, कॅमेरा घोट्याच्या उंचीवर. ओपीडी सकाळची असते, तेव्हा पाय सरळच दिसतो. म्हणून हे व्हिडिओ दाखवाच.

पाय आकसलेला असताना एएफओ (घोटा सरळ धरणारा प्लास्टिकचा पट्टा) दाबून चढवू नका, घोट्याच्या हाडावर कातडी सोलते. स्ट्रेचिंग सकाळी, हळूहळू.

आणि ट्रायहेक्सिफेनिडिलनं घाम कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, ही गोळी घेणाऱ्या मुलांना ऊन पटकन लागतं. अंग गरम आणि कोरडं लागलं, पोर मलूल पडली, तर ओल्या फडक्यानं पुसत, पंख्याखाली घेत थेट दवाखाना गाठा. ती गोळी मनानं बंद करू नका, आणि दोन्ही औषधांचे डोस एकाच आठवड्यात बदलू देऊ नका; फरक कशानं पडला ते कळणार नाही.