लिफ्टमध्ये अडकलेला गृहपाठ

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी नंदींचा सण, शनिवारी झाला आणि ही चर्चा सोमवारी संध्याकाळी आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर झाली. माणसांची नावं काढून फ्लॅट नंबर ठेवले आहेत, पोरांची घरातली नावं बदलली आहेत. पाण्याच्या मोटरचे आणि सांबारवडीचे (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मेसेज मुद्दाम ठेवले. ते काढले तर हा कोणत्याही सोसायटीचा ग्रुप वाटेल.

बी-२०४ मॅडम: नमस्कार. सेक्रेटरी भाऊ, शनिवारी संध्याकाळी बी विंगची लिफ्ट बंद पडली होती का? पडली असेल तर नेमकी किती वेळ?

सेक्रेटरी: मॅडम, लिफ्टवाल्याला तीनदा फोन केला. येतो येतो म्हणते. आणि मेंटेनन्स सगळ्यांनी वेळेवर भरला तर

बी-२०४ मॅडम: तक्रार नाही जी. माझ्या वर्गाचा प्रश्न आहे.

सी-१०२: लिफ्टचा वर्गाशी काय संबंध?

बी-२०४ मॅडम: सांगते. सहावीच्या माझ्या वर्गात आपल्या सोसायटीची सहा पोरं आहेत. गुरुवारी अपूर्णांकांची १० गणितं दिली होती. मधे पोळा, तान्हा पोळा, रविवार असे तीन दिवस मोकळे. आज सहापैकी एकानंही आणली नाहीत. चौघांनी कारण दिलं लिफ्टचं. गोलू म्हणाला, अर्धा तास अडकलो. बंटी म्हणाला, तीन तास, अंधार होता, श्वास कोंडला होता. पिंकी म्हणाली, मी बाहेरच होते, पण भाऊ आत होता म्हणून टेन्शनमध्ये राहून गेलं. आणि टिल्लू म्हणाला, "मॅडम, मी नाही अडकलो. माझी वही अडकली."

सी-१०२: हाहाहाहा वही

ए-२०३: टिल्लू तर आमच्या ए विंगचा आहे. त्याची वही बी विंगच्या लिफ्टमध्ये काय करून राहिली होती?

टिल्लूची आई: गोलूकडे नेली होती. उतरवून घ्यायला.

ए-२०३: गोलूनं तर केलंच नव्हतं.

टिल्लूची आई: ते त्याला तिथे गेल्यावर कळलं.

पिंकीची आई: मॅडम, भाऊ कोणता? पिंकी एकुलती एक आहे आमची.

बी-२०४ मॅडम: मला वाटलं आतेभाऊ-मामेभाऊ आला असेल सणाला.

पिंकीची आई: कोणी आलं नाही हो. विचारते तिला. थांबा.

बी-३०१: पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली? टाकी वाहून राहिली.

गोलूची आई: मॅडम, आमचा गोलू खोटं बोलत नाही. खरंच अडकला होता तो, खूप घाबरला होता. रात्री जेवला पण नाही. मुलांवर आधी विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे आपण.

सेक्रेटरी: वॉचमन काकांची वही पाहिली. शनिवार, ६.४० ला लाईट गेली, लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या माळ्याच्या मधे बंद. ७.०५ ला चालू. म्हणजे २५ मिनिटं. तीन तासांचं काही लिहिलेलं नाही.

बंटीचे बाबा: तीन तास लिफ्ट नव्हती जी, तीन तास मोबाईल होता. मी समोरच बसून होतो.

ए-२०३: गोलूची आई, राग मानू नका, पण शनिवारी तान्ह्या पोळ्याचे फोटो तुम्हीच टाकले होते. ६.५२ ला. धोतर, फेटा, हातात लाकडी नंदी, मागे मंदिराचा मंडप. त्याच वेळी लिफ्टमध्ये पण होता का?

गोलूची आई: (मेसेज डिलीट)

गोलूची आई: (मेसेज डिलीट)

सी-१०२: फोटो डिलीट करून काय फायदा ताई, आम्ही आधीच डाऊनलोड केला. लय गोड दिसून राहिला.

ए-२०३: आमच्याकडून बोजाऱ्याचे पैसे नेले त्यानं. पन्नास द्या, वीसमधे नंदी हलत नाही म्हणाला. हिशेब पक्का आहे पोट्ट्याचा.

ए-१०१ आजोबा: एवढं बोम मारायचं काम नाही. शनिवारी सारं नागपूर मारबतीच्या पुतळ्यांमागे ओरडत होतं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. संगं बडग्यांचे पुतळे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. पोट्ट्यांनी आजवर गृहपाठाचा बडग्या कसा काढला नाही, मले याचंच नवल वाटते.

सी-१०२: गृहपाठ घेऊन जा गे मारबत!

ए-१०१ आजोबा: आमच्या वेळी कारणं साधी होती. कंदिलातलं रॉकेल संपलं, दौत सांडली. काटोलकडच्या खेड्यातला मी. चौथीत असताना आमच्या बकरीनं माझी वही खाल्ली. खरंच खाल्ली. गुरुजी म्हणाले, खोटारड्या, बकरी घेऊन ये. मी घरी गेलो अन् बकरी आणली. गुरुजी तिला पाहून राहिले, तेवढ्यात तिनं टेबलावरचं हजेरीपत्रक खाल्लं. त्या दिवशी आमच्या वर्गात कोणीच गैरहजर नव्हतं.

बी-३०१: आजोबा

सी-१०२: आजोबा, हे पण लिफ्टमधलंच वाटते.

ए-१०१ आजोबा: बकरी गेली बाप्पा आता. नाहीतर आणली असती.

सी-४०२: सगळ्यांच्या माहितीसाठी. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास, नववीपासून रोज दोन तास. सुट्टीत मुलांवर एवढा बोजा का, याचं उत्तर मिळावं.

बी-२०४ मॅडम: हे वाचलेलं आहे जी. १० गणितांना चाळीस मिनिटं पुरतात. तुमच्या हिशेबानं तर तीन दिवसांचे तीन तास मिळत होते.

सी-१०२: बंटी लिफ्टमध्ये होता तेवढेच.

बी-१०३: आमच्या लहानपणी दोन छड्या बसल्या की सगळ्यांचे गृहपाठ पूर्ण व्हायचे. आता मास्तरांचे हात बांधून ठेवले.

बी-२०४ मॅडम: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मारता येत नाही. आणि मला मारायचं पण नाही. वीस वर्षं शिकवते आहे, छडीनं एकच गोष्ट सुधारताना पाहिली, ती म्हणजे कारण. जास्त पटण्यासारखं तयार होते.

ए-२०३: मधे ते पुस्तकातच कोरी पानं दिली होती ना, २०२३ पासून? ते बरं होतं. वही घरी राहिली असं म्हणता येत नव्हतं.

बी-२०४ मॅडम: तेव्हा पुस्तक घरी राहत होतं. ती पानं पण काढली आता. ऑनलाईनच्या वर्षी नेट नव्हतं, माईक बिघडला होता. त्याच्या आधी मनीषनगरचं रेल्वे फाटक बंद असायचं, अर्धा वर्ग फाटकावर उभा. पूल झाला तशी पोरं बिचारी उघडी पडली. नवीन शोधावं लागलं त्यांना.

सी-२०१: घरगुती सांबारवडी ऑर्डरप्रमाणे मिळेल. बुधवारसाठी उद्या सकाळपर्यंत सांगावे.

छकुलीचे पप्पा: आता पाहिले मेसेज, शिफ्टला निघतो आहे. मॅडम, चौघांचं झालं, माझी छकुली पाचवी ना? काय म्हणाली ती?

बी-२०४ मॅडम: पप्पा मोबाईल घेऊन ड्युटीवर गेले होते म्हणाली.

छकुलीचे पप्पा: ते खरं आहे जी. घरात एकच फोन आहे ज्याच्यात वर्गाचा ग्रुप आहे, अन् तो माझा. मिहानमध्ये नाईट आहे माझी. गणितं ग्रुपवर आली रात्री ९.३० ला, मी निघालो होतो ८ ला. सकाळी येतो तेव्हा ती झोपून असते, मी झोपतो तेव्हा ती उठते. शुक्रवारी पोळा होता म्हणून गावाला गेलो, तिथे माझ्याच डोक्यातून गेलं. पोरीची चूक नाही त्यात.

सी-४०२: रात्री ९.३० ला? हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

बी-२०४ मॅडम: भाऊ, ही माझी चूक आहे. फळ्यावर पाच लिहून झाली अन् बेल झाली. उरलेली रात्री ग्रुपवर टाकते म्हटलं. घरी आले, स्वयंपाक, आवराआवर, तेव्हा कुठे फोन हातात आला. यापुढे फळ्यावर जेवढं लिहून होईल तेवढाच गृहपाठ. छकुलीला उद्या मी शाळेत करून घेते.

छकुलीचे पप्पा: थँक्यू जी. पण पाच तर फळ्यावरची होती ना?

बी-२०४ मॅडम: हो.

छकुलीचे पप्पा: मग ती काहून नाही केली? थांबा, बोलतो तिच्याशी.

पिंकीची आई: पिंकी म्हणते भाऊ म्हणजे गोलूभाऊ.

सी-१०२: मॅडम, एक विचारू? पोट्टे खोटं बोलतात हे तुम्हाला सकाळीच कळलं असेल. मग लिफ्ट खरंच बंद होती का, हे कायले विचारत बसल्या? सरळ शिक्षा द्यायची.

याला उत्तर यायला बराच वेळ लागला. वर "टाइप करत आहे" दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. तेवढ्यात मोटर बंद झाल्याचा मेसेज येऊन गेला.

बी-२०४ मॅडम: २३ सप्टेंबर २०२३ आठवत असेल सगळ्यांना. शनिवार होता, घरोघरी गणपती बसले होते. रात्रीतून पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाली तर माझ्या वर्गात अकरा पोरांच्या वह्या पुरात गेलेल्या. आमची पोरं येतात इथलीच, मनीषनगर, बेसा. कोणाच्या पायरीलाही पाणी लागलं नव्हतं. मी अकराही जणांना उभं केलं आणि म्हटलं, पूर पाहायला टीव्हीवर गेला होता का रे? वर्ग हसला. त्या अकरांतले दहा पण हसले. एक रडत होता. मला वाटलं पकडला गेला म्हणून रडतो आहे. तो त्या वर्षी मामाकडे राहत होता, डागा ले-आऊटला, तळमजल्यावर. वहीचं काय घेऊन बसलात, गाद्या, शेगडी, धान्य, गणपतीचा पाट, काही राहिलं नव्हतं. त्यानं हे मला सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी त्याची मामी शाळेत आली तेव्हा कळलं. तोपर्यंत महिनाभर मी त्याला पूरवाला म्हणत होते. गमतीनं.

बी-२०४ मॅडम: म्हणून विचारते आता. चौघं एकच कारण सांगतात तेव्हा तर जास्तच विचारते. पोरं कारण हवेतून आणत नाहीत, कुठेतरी काहीतरी झालेलं असते.

सी-१०२: सॉरी मॅडम.

सेक्रेटरी: मॅडम, वॉचमन काका इथेच उभे आहेत. ते म्हणतात लिफ्टमध्ये शनिवारी दोघी होत्या. बी-४०३ च्या आजी आणि त्यांची परी. मधेच अडकली होती, म्हणून काकांनी खालून स्टूल लावून आधी आजीला उतरवलं. पोट्टे बाहेर उभे राहून पाहत होते म्हणे.

बी-२०४ मॅडम: परी? परी सहावी. म्हणजे माझ्या यादीतली सहावी. तिनं लिफ्टचं नाव पण घेतलं नाही. "नाही झाला मॅडम" म्हणाली आणि खाली बसली. मी तर शेरा लिहिला, दुर्लक्ष.

बी-४०३ ताई: मी मघापासून वाचते आहे. हो, आई अन् परीच होत्या. आईंना लिफ्टमध्येच धाप लागली. बीपी वाढला, रविवारी दवाखान्यात ठेवलं होतं. परी दिवसभर तिथेच होती, आजीचा हात सोडेना. रात्री आलो तर पाठ टेकताच झोपली. मी पण विचारलं नाही गृहपाठाचं.

गोलूची आई: ताई, आईंची तब्येत कशी आहे आता?

बी-४०३ ताई: बरी आहे. घरी आणलं आज.

बी-२०४ मॅडम: ताई, तिला विचाराल का, मला का नाही सांगितलं? रागावून नका विचारू.

बी-४०३ ताई: विचारलं. म्हणते, माझा नंबर शेवटी आला. तोपर्यंत ते सगळे अडकून झाले होते. आई, लिफ्टवर लिहिलं आहे ना चार व्यक्ती. मी पाचवी कशी सांगू?

ग्रुपवर सात-आठ मिनिटं काही आलं नाही. आमच्या ग्रुपवर हे असं सहसा होत नाही.

बी-२०४ मॅडम: शेरा उद्या खोडते. तिला सांगा, वही नाही आणली तरी चालेल.

बी-४०३ ताई: आणते म्हणते. करून राहिली आहे, आजीजवळ बसून. सहावं चाललं आहे.

गोलूची आई: मॅडम, गोलूचं माझ्याकडून सॉरी. सकाळी तो पण म्हणेल.

सी-२०१: सांबारवडी: आतापर्यंत चार ऑर्डर.

बी-३०१: लाईट गेली का? बी विंग अंधार.

सेक्रेटरी: हो गेली. लिफ्ट पण बंद. आत कोणी आहे का? कृपया लगेच सांगा.

गोलूची आई: गोलू आहे आत. वही घेऊन परीकडे चालला होता. खरंच.

ए-१०१ आजोबा: फोटो टाका.